खासगी टिपणवही

आपले लेखन परक्या दृष्टीपासून राखण्याची विद्या विदर्भात महानुभाव पंथीयांइतक्या निष्ठेने क्वचितच कोणी जोपासली असेल. पंथीय ग्रंथ अनधिकारी हाती पडू नयेत म्हणून त्यांनी वर्णांची अदलाबदल करून सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्या योजिल्या. आणि त्यांची किल्ली पंथाबाहेर न गेल्यामुळे ‘लीळाचरित्रा’सह आद्य मराठी गद्याचे केवढे तरी भांडार विसाव्या शतकापर्यंत सामान्य वाचकास बंद राहिले. ते खुले करण्यात नागपूरच्या डॉ. वि. भि. कोलते यांनी आयुष्य वेचले. मोबाइलसाठी खासगी टिपणवहीचे ॲप रचू पाहणाऱ्याने प्रथम ह्या इतिहासाचे मनन करावे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. त्या पीठावर नागपूरचेच न्यायमूर्ती शरद बोबडे होते व त्यांनी स्वतंत्र निकालपत्रही लिहिले. हा हक्क ॲपच्या बांधणीत उतरवायचा, तर लांबलचक करारनाम्यापेक्षा एकच तजवीज मोलाची आहे: ॲपने इंटरनेटची परवानगी मागूच नये. अर्थात कळफलक परक्या कंपनीचा असेल, तर मजकूर वहीत दाखल होण्यापूर्वी त्याच्या नजरेखालून जातो, हेही वापरणाऱ्यास स्पष्ट सांगितले पाहिजे.

अशा ॲपला जुन्या धाटणीचे रूप द्यावे का, हा प्रश्न अधिक नाजूक आहे. काळ्या पडद्यावर हिरवी, समान रुंदीची अक्षरे हे जुन्या संगणकांचे रूप रोमन लिपीस शोभते. देवनागरीत अरुंद ‘र’ आणि पसरट ‘क्ष’ यांना एकाच मापाच्या चौकटीत कोंबले, की शिरोरेखा तरी तुटते किंवा अक्षर तरी दबते. मराठी टंकयंत्राने ही ओढाताण सोसली, कारण प्रत्येक कळीसरशी ठरावीक अंतर सरकणे हा त्याच्या गाडीचा धर्मच होता आणि मात्रा-अनुस्वारांसाठी गाडी न सरकवणाऱ्या कळा वेगळ्या ठेवाव्या लागत. आजच्या पडद्यावर तसली सक्ती नाही. म्हणून मराठी टिपणवहीने जुनेपण घ्यावे ते आपल्या वहीचे: फिकट कागद, समासाची एक तांबडी रेघ, ठसठशीत काळे अक्षर, आणि बाकी सारे मोकळे.

साधेपणाची खरी कसोटी मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी लागते. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो, एक ‘ऱ’ ह्या स्वतंत्र वर्णाने आणि दुसरी ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून, दोन्ही रूपे दिसायला एकच, पण शोध घेणाऱ्या यंत्राच्या लेखी ती भिन्न ठरतात, आणि स्वतःच्या हाताने लिहिलेले टिपण मालकालाच सापडेनासे होते. ही दोन्ही रूपे आतल्या आत एक करून घेणारे ॲप मी दहा रंगसंगती देणाऱ्या ॲपहून श्रेष्ठ मानीन.

रचनाकारांना एवढीच विनंती की, वहीस भक्कम कुलूप जरूर घालावे. पण महानुभावांच्या ग्रंथांसारखा तो बंद राहू नये, म्हणून मालकाने मागताक्षणी सगळा मजकूर साध्या युनिकोड फाइलीत त्याच्या हवाली करण्याची सोय पहिल्याच आवृत्तीत ठेवावी.