आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर: अर्जापासून होल्स्टरपर्यंत

नागपुरात सेंट्रल अव्हेन्यूवरून लकडगंजात वळले की सागवानाचे ओंडके, प्लायवूडच्या थप्प्या आणि आरामशिनींचा आवाज सुरू होतो. जवळच इतवारीचा सराफा आहे, गांधीबागेतले कापड आहे, पुढे कळमन्याचे मार्केट यार्ड. या पट्ट्यात रोखीचा व्यवहार अजून पुरता संपलेला नाही. दिवसभराचा गल्ला घेऊन रात्री घरी निघणाऱ्या व्यापाऱ्याच्या मनात ‘एखादे छोटे रिव्हॉल्व्हर जवळ असावे’ असे येते. त्यातही सिनेमे बघितलेल्यांना हवे असते ते मॅग्नम, तेही खिशात मावेल एवढे. हे शस्त्र चालते कसे, कायद्याने मिळते कसे आणि बाळगायचे कसे, हे इथे क्रमाने सांगतो. माझे मत आधीच सांगून टाकतो. शस्त्र जितके छोटे, तितका सराव जास्त लागतो. आपल्याकडे सगळी शक्ती परवाना मिळवण्यात जाते आणि सराव तेवढा राहून जातो.

आधी शस्त्र समजून घेऊ. रिव्हॉल्व्हरमध्ये नळीच्या मागे फिरणारे सिलिंडर असते. त्यात बहुतेक वेळा सहा, अगदी छोट्या नमुन्यांत पाच घरे असतात. चाप ओढला की सिलिंडर एक घर पुढे सरकते, घोडा मागे जातो आणि सुटून काडतुसाच्या बुडावर आदळतो. ही सगळी कामे बोटाच्या एकाच ओढीने होतात, म्हणून ती ओढ जड असते. कित्येक नमुन्यांत ती पाच किलोच्या आसपास जाते. घोडा आधी अंगठ्याने मागे ओढून ठेवला तर चाप फार हलका होतो. नेमबाजीच्या मैदानावर ते ठीक आहे. घाबरलेल्या माणसाच्या हातात हलका चाप मात्र धोक्याचा असतो. ती जड ओढ ही एक प्रकारची सुरक्षाच आहे, कारण बऱ्याच रिव्हॉल्व्हरना वेगळा सेफ्टी खटका नसतो.

नळी आखूड केली की काय बिघडते, ते हिशेबानेच पाहू. नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच आखूड नळीवर जवळ येतात; त्यांच्यात १० सेंटिमीटर अंतर आहे आणि हात थरथरल्यामुळे माशी फक्त १ मिलिमीटर बाजूला गेली असे धरा. १० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर चुकते. तेच अंतर १५ सेंटिमीटर असेल तर चूक साधारण साडेसहा सेंटिमीटरवर येते. आता या हिशेबात पाच किलोची ओढ आणि काळोख मिळवा. आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर दोन-चार मीटरच्या पलीकडे कसलेल्या हातालाच साथ देते. ते लपवायला सोपे असते आणि चालवायला अवघड.

आता मॅग्नमकडे वळू. .३५७ मॅग्नम हे काडतूस स्मिथ अँड वेसनने १९३५ मध्ये बाजारात आणले. त्याआधीच्या .३८ स्पेशलचेच ते जास्त दाबाचे रूप आहे. जुन्या, कमी ताकदीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ते कुणी चुकून भरू नये म्हणून त्याची पुंगळी साडेतीन मिलिमीटरच्या आसपास लांब ठेवली. लांब नळीतून त्याच्या गोळीची ऊर्जा ७०० ज्यूलच्या घरात जाते. आपल्याकडच्या नेहमीच्या .३२ रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आसपास असते. पण हा फरक लांब नळीचा आहे. दोन इंची नळीत सगळी दारू जळायला वेळच मिळत नाही. उरलेली दारू नळीच्या तोंडाबाहेर पेटते. वेग घटतो, समोर मोठा भडका दिसतो, कानठळ्या बसवणारा आवाज होतो आणि हलक्या शस्त्राचा धक्का मनगटाला जाणवतो. बंद गोदामात अशी एक गोळी झाडली तरी कानाला कायमची इजा होऊ शकते. अंधारात त्या भडक्यानंतर काही क्षण काहीच दिसत नाही. म्हणजे मॅग्नमची किंमत पूर्ण मोजायची आणि त्याचा फायदा बराचसा वाया घालवायचा, असा हा व्यवहार होतो. आखूड नळीत मॅग्नम घेण्याच्या मी विरोधात आहे, आणि त्याचे कारण भौतिकशास्त्रात आहे.

भारतात मॅग्नम मिळणेही सोपे नाही. शस्त्र नियम २०१६ मध्ये .३८० किंवा .४५५ ची रिमवाली काडतुसे, किंवा लष्करी ९ मिमी काडतुसे ज्यात बसतात, अशी पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित गटात आहेत. ती सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. .३५७ मॅग्नमचे नाव त्या यादीत नाही. .३८० चे काडतूस बुडाशी जाड असल्याने मॅग्नमच्या घरात सहसा बसत नाही, त्यामुळे .३५७ अप्रतिबंधित गणले जाते. पण १९८० च्या दशकाच्या मध्यापासून नागरिकांसाठी शस्त्रांची आयात बंद आहे. देशात जी स्मिथ अँड वेसन किंवा कोल्टची मॅग्नम आहेत ती बहुतेक त्याआधी आलेली. ती एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे फिरतात आणि त्यांची किंमत लाखांत बोलली जाते. शस्त्र मिळाले तरी काडतूस दुर्मीळ आणि महाग. ज्याची काडतुसे सरावाला परवडत नाहीत ते शस्त्र कमरेला लावून काय उपयोग?

म्हणून लकडगंजातल्या व्यापाऱ्याच्या हाती शेवटी येते ते .३२ चे देशी रिव्हॉल्व्हर. सरकारी कारखान्याच्या जुन्या .३२ नमुन्याचा सांगाडा वेब्ली मार्क ४ वरून घेतलेला. वरची कळ दाबली की शस्त्र मधून मोडल्यासारखे वाकते, मधली चकती वर येते आणि सहाही पुंगळ्या एकदम बाहेर पडतात. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ आणले. ते टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, ५०० ग्रॅमचे होते आणि त्याची किंमत १,२२,३६० रुपये होती. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबल’ आले. त्याचे सिलिंडर बाजूला उघडते, नळी ७६ मिलिमीटरची आहे आणि मारा ५० मीटरपर्यंत असल्याचा निर्मात्यांचा दावा आहे. ते ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीचे. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणींच्या सात कंपन्या झाल्या, त्यांतली ही एक. त्याच सातांतल्या यंत्र इंडियाचे मुख्यालय आपल्या नागपुरात, अंबाझरीला आहे. वेब्ली अँड स्कॉटचे .३२ रिव्हॉल्व्हरही २०२० पासून उत्तर प्रदेशात संडीला इथे बनते. निवड आहे, पण ती सगळी .३२ च्या आसपास फिरते, आणि मला त्यात वाईट काही वाटत नाही. आखूड नळीत कमी धक्क्याचे काडतूस हीच शहाणी जोडी.

परवान्याची वाट आता पाहू. शस्त्र अधिनियम १९५९ चा, लागू झाला १ ऑक्टोबर १९६२ ला. त्याखाली पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना पोलिस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. लकडगंजचा अर्जदार म्हणून सिव्हिल लाइन्सकडे, आयुक्तालयाच्या परवाना शाखेकडे बघतो. वय २१ पूर्ण हवे. अर्ज ए-१ नमुन्यात. सोबत शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी आणि शारीरिक व मानसिक आरोग्याचा वैद्यकीय दाखला. मग कागद चौकशीसाठी लकडगंज पोलीस ठाण्यात येतो. गुन्ह्यांची नोंद आहे का, माणूस राहतो कुठे, शेजारीपाजारी काय म्हणतात, व्यवसाय काय आणि धोका खरा की सांगण्यापुरता, हे तपासले जाते. नियमानुसार पोलिसांचा अहवाल ३० दिवसांत यावा आणि त्यानंतर ६० दिवसांत निर्णय व्हावा.

इथे अर्जाचा प्राण म्हणजे कारण. ‘व्यापारी आहे, रोख असते’ एवढ्या एका ओळीवर भागत नाही. व्यवसायाच्या स्वरूपामुळे जिवाला किंवा मालमत्तेला खरा धोका आहे, हे दाखवावे लागते. खंडणीची तक्रार, धमकीची नोंद, आधी झालेली लूट, रोख वाहतुकीचे हिशेब, यांचे कागद बोलतात. परवाना नाकारला तर कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि आयुक्तांच्या निर्णयाविरुद्ध राज्य सरकारकडे अपील करता येते. शस्त्र बाळगणे हा आपल्या राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका जामिनाच्या प्रकरणात अमेरिकेशी तुलना करून हीच गोष्ट बोलून दाखवली.

परवाना मिळाला की त्याला राष्ट्रीय नोंदीतला युनिक क्रमांक असतो. शस्त्र परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यायचे आणि त्याची परवान्यावर नोंद करून घ्यायची. काडतुसे एका वेळी किती आणि वर्षाला किती, हे परवान्यावर लिहिलेले असते. वापरलेल्या काडतुसांचा हिशेब ठेवावा लागतो, म्हणून मैदानावरून पुंगळ्या परत आणायची सवय लावून घ्यावी. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली.

बाळगण्याचा नियम फार कमी जणांनी वाचलेला असतो. सार्वजनिक ठिकाणी हातशस्त्र अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत हवे, पूर्ण झाकलेले हवे आणि ते बाळगणाऱ्याच्या ताब्यात हवे. शर्ट उचलून मूठ दाखवणे म्हणजे नियम मोडणे. नुसत्या पँटच्या खिशात किल्ल्या आणि सुट्या पैशांबरोबर रिव्हॉल्व्हर ठेवणे हे तर मला सगळ्यात भयंकर वाटते, कारण तिथे चापाला काहीही अडकू शकते. चाप पूर्ण झाकणारे कडक होल्स्टर हवे आणि ते रोज एकाच जागी हवे. दुकानात बसताना काढून गल्ल्यात टाकायचे नाही. घरी आल्यावर गोळ्या काढून शस्त्र कुलपाच्या पोलादी कपाटात ठेवायचे. किल्ली घरातल्या मुलांना सापडणार नाही अशा जागी हवी.

लकडगंजात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. इथल्या कित्येक दुकानांत ऑफिस आणि गोदाम यांच्यामध्ये फक्त प्लायवूडची भिंत असते. रिव्हॉल्व्हरची गोळी तसल्या प्लायमधून सहज पार जाते. पलीकडे हिशेब लिहिणारा मुनीम असतो, हमाल असतो. गोळी कुठे थांबेल हे माहीत नसेल तर ती झाडायचीच नाही. हा नियम प्रशिक्षणात शिकवतात, पण तो आपल्या स्वतःच्या दुकानात उभे राहून, चारही दिशांना बघून शिकायला हवा.

कायदा इथे दुहेरी आहे. स्वसंरक्षणाचा अधिकार भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. १ जुलै २०२४ पासून ती लागू झाली. जीव घेण्यापर्यंतचा अधिकार कलम ३८ खाली शरीरावरच्या ठरावीक हल्ल्यांसाठी आहे आणि कलम ४१ खाली जबरी चोरीसारख्या मालमत्तेवरच्या ठरावीक गुन्ह्यांसाठी. पण धोक्याला लागेल तेवढेच बळ, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर अधिकार नाही, अशा मर्यादा त्याला आहेत. पळत सुटलेल्या चोराच्या पाठीत गोळी घातली तर खुनाच्या आरोपाला तोंड द्यावे लागू शकते. वरातीत हवेत गोळी झाडली तर २०१९ नंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. निवडणुकीत छाननी समिती ज्यांना सांगेल त्यांना शस्त्र जमा करावे लागते. आयुक्तांचे मनाई आदेशही निघत असतात, ते वाचूनच बाहेर पडावे.

‘परवान्याच्या भानगडीत कोण पडणार’ म्हणून मध्य प्रदेशच्या सीमेपलीकडून येणारा देशी कट्टा घेणारेही आहेत. त्याची नळी कधी फुटेल याचा नेम नाही. विनापरवाना शस्त्राला किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कैद आहे, प्रतिबंधित शस्त्राला किमान सात. या वाटेला कुणी जाऊ नये.

परवानाधारकाने वर्षभरात किमान काही वेळा तरी अधिकृत मैदानावर, प्रशिक्षकासमोर गोळ्या झाडाव्यात. घोडा न ओढता, जड चापाने. दोन हातांनी, तीन ते सात मीटरवरून. पहिल्या काही गोळ्या सगळीकडे जातील. चाप सावकाश, एकसारखा मागे आणायला शिकले की त्या जवळ येऊ लागतात. आपल्या वाट्याची काडतुसे कपाटात पडून राहण्यापेक्षा अशी संपलेली बरी.

वडिलांचे शस्त्र मुलाकडे जाण्याचाही ठरलेला मार्ग आहे. मालक हयात असताना त्याचे वय ७० झाले किंवा शस्त्र जवळ बाळगून २५ वर्षे झाली, तर कायदेशीर वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. अचानक मृत्यू झाला तर शस्त्र आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे आणि मगच वारसाने अर्ज करायचा. वारसाची पात्रता पुन्हा नव्याने तपासली जाते. वय, आरोग्य, गुन्ह्यांची नोंद, प्रशिक्षण, सगळे. शस्त्र घरातलेच आहे म्हणून त्यातले काही सुटत नाही.