मार्क कमी? एमबीएचं दार अजून उघडं आहे!

ग्रॅज्युएशनला कसेबसे ५४ टक्के, त्यात दुसऱ्या वर्षाची एटीकेटी. म्हणजे एमबीए विसरायचं? थांबा! कॅट आणि राज्याची एमबीए सीईटी, दोन्हींसाठी पदवीला किमान ५० टक्के लागतात. सीईटीत राखीव प्रवर्गासाठी ४५; कॅटमध्ये मात्र ही सवलत फक्त एससी, एसटी आणि दिव्यांगांना. तेवढे असतील तर तुम्ही शर्यतीत आहात.

आता कॉलेजं नीट निवडा. अनेक आयआयएम मुलाखतीला बोलावतानाच दहावी, बारावी, पदवीचे गुण मोजतात. तिथे कॅटचा स्कोअर चांगला असूनही गाडी अडू शकते. सीईटीच्या कॅप फेरीत मात्र मुख्य भिस्त प्रवेश परीक्षेच्या स्कोअरवर असते. म्हणून अभ्यासाचा जोर तिथे लावा. जमल्यास दोनेक वर्षं नोकरी करा. काही संस्था अनुभवालाही गुण देतात.

मुलाखतीत ‘मार्क का घसरले?’ हे विचारणारच. पेपर तपासणाऱ्यांवर खापर फोडू नका. काय चुकलं, नंतर काय बदललं, ते दोन वाक्यांत सांगा आणि केलेलं काम दाखवा.

आणि हो, पन्नाशीच्या खाली असाल तर? विद्यापीठात क्लास इम्प्रूव्हमेंटची सोय आहे का, ते कॉलेजच्या ऑफिसात आजच विचारा. फॉर्मची तारीख कुणासाठी थांबत नाही.