विश्लेषण : ३० मीटर खोल पाण्यात धीर येतो कसा? ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ स्कूबा प्रशिक्षणात नेमके काय शिकवतात?

मालवण, तारकर्लीला गेलेले अनेक पर्यटक स्कूबा डायव्हिंग करून येतात. त्यात प्रशिक्षक सिलिंडर धरून सोबत असतो. पर्यटकाने तोंडाने श्वास घेत मासे पाहायचे, एवढेच काम. त्यासाठी प्रमाणपत्र लागत नाही आणि मिळतही नाही. स्वतःच्या जबाबदारीवर पाण्याखाली उतरायचे, तर रीतसर अभ्यासक्रम करावा लागतो. ‘ओपन वॉटर’ या पहिल्या अभ्यासक्रमानंतर १८ मीटरपर्यंत, तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर’नंतर ३० मीटरपर्यंत जाता येते. हे १२ मीटरचे अंतर वाढवताना अनेकांना धास्ती वाटते. ती कशामुळे वाटते आणि प्रशिक्षणात कमी कशी होते?

अभ्यासक्रम कसा असतो?

अमेरिकेत १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘पॅडी’ या संस्थेचे अभ्यासक्रम जगभर चालतात. तिच्या अ‍ॅडव्हान्स्ड अभ्यासक्रमात समुद्रातील ५ डाइव्ह असतात. खोल डाइव्ह आणि पाण्याखालचे दिशाज्ञान या २ सक्तीच्या. उरलेल्या ३ आवडीनुसार. रात्रीची डाइव्ह, बुडालेल्या जहाजाजवळची डाइव्ह किंवा तरंगण्यावर ताबा मिळवण्याची डाइव्ह निवडता येते. किमान वय १२ वर्षे आहे. मात्र लहान वयात खोलीची मर्यादा कमी असते.

३० मीटरवर वेगळे काय घडते?

समुद्रात दर १० मीटरला दाब साधारण १ वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर १, तर ३० मीटरवर ४. तेवढाच श्वास घेतला तरी सिलिंडरमधील हवा चौपट वेगाने संपते. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने भरलेली हवा सुमारे २४०० लिटर होते. मिनिटाला २० लिटर हवा वापरणाऱ्याला ती पृष्ठभागावर २ तास पुरेल. ३० मीटरवर मात्र ३० मिनिटे. घाबरून श्वास दुप्पट झाला, तर १५ मिनिटेच. त्यातूनही परतीसाठीची राखीव हवा वजा करावी लागते.

वेळेचीही मर्यादा आहे. दाबामुळे नायट्रोजन शरीरात विरघळत जातो. पॅडीच्या तक्त्यानुसार पहिल्या डाइव्हमध्ये १८ मीटरवर ५६ मिनिटे राहता येते, ३० मीटरवर फक्त २०. शिवाय या खोलीवर नायट्रोजनमुळे काहींना गुंगी येते. विचार मंदावतो किंवा उगाच निर्धास्त वाटते. थोडे वर आल्यावर ही गुंगी उतरते. पण ती आली आहे, हे आधी लक्षात यावे लागते.

घाबरल्यावर धोका कशाचा?

नवख्यांना वाटते त्याप्रमाणे मोठ्या माशांचा नव्हे. घाबरलेला माणूस भरभर, उथळ श्वास घेतो. कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही, त्यामुळे आणखी धाप लागते आणि हवा पुरत नाही असे वाटते. मग मास्क ओढून काढावा, रेग्युलेटर फेकून सरळ वर पळावे, अशी ऊर्मी येते. १० मीटरवरून वर येईपर्यंत फुप्फुसातील हवेचे आकारमान दुप्पट होते. श्वास रोखून वर धावल्यास फुप्फुसाला गंभीर, प्रसंगी जीवघेणी इजा होऊ शकते. ‘श्वास कधीही रोखू नका’ हा स्कूबाचा पहिला नियम त्यासाठीच आहे.

मग धीर येतो कसा?

‘घाबरू नको’ असे सांगून भीती जात नाही. हातून एकेक काम नीट झाले की ती कमी होते. मास्कमध्ये पाणी शिरले तर ते नाकाने हवा सोडून बाहेर काढणे, सुटलेला रेग्युलेटर शोधून तोंडात धरणे, जोडीदाराच्या सिलिंडरमधून हवा घेणे, हे उथळ पाण्यात पुन्हा पुन्हा केले जाते. खोल पाण्यात तीच अडचण आली, तर ती ओळखीची असते.

दुसरी पायरी तरंगण्याची. अनेक नवखे गरजेपेक्षा जास्त वजन कमरेला बांधतात आणि मग हातपाय मारून दमतात. जॅकेटमधील हवा काढून, सर्वसाधारण श्वास रोखून पाण्यात उभे राहिल्यावर पाण्याची पातळी डोळ्यांपाशी आली की वजन योग्य, अशी ही पृष्ठभागावरची साधी चाचणी आहे. वजन जमले की श्वास संथ होतो आणि हवाही वाचते.

दिशाज्ञानाच्या डाइव्हमध्ये होकायंत्र पाहत, पायांचे फटके मोजत चौकोन पूर्ण करून मूळ जागी यायचे असते. कोकणातील पाणी नेहमीच अंदमानइतके नितळ नसते. समोरचे धूसर असतानाही आपण परत येऊ शकतो, हे इथे स्वतःच्या हाताने सिद्ध होते. खोल डाइव्हमध्ये लाल रंग फिका पडलेला दाखवतात; काही प्रशिक्षक पृष्ठभागावर केलेले छोटे गणित खाली पुन्हा करायला लावून लागलेला वेळ ताडून पाहतात. आपल्यावर गुंगीचा परिणाम किती होतो, ते त्यातून कळते. अडचण आली तर क्रम ठरलेला : थांबा, श्वास घ्या, विचार करा, मग कृती करा.

कार्ड मिळाले म्हणजे तयारी झाली?

नाही. ओपन वॉटरच्या ४ आणि अ‍ॅडव्हान्स्डच्या ५, अशा समुद्रातील अवघ्या ९ डाइव्हनंतर हे कार्ड हाती येऊ शकते. ‘एसएसआय’ या दुसऱ्या संस्थेत याच नावाच्या दर्जासाठी ४ विशेष अभ्यासक्रम आणि २४ डाइव्ह लागतात. म्हणजे नाव एक, अनुभव वेगळा. अनुभवाशिवाय आलेला आत्मविश्वास भीतीइतकाच घातक ठरू शकतो. त्यामुळे कार्ड मिळाल्यावर लगेच ३० मीटर गाठण्यापेक्षा २० मीटरच्या आसपास सराव करणे, प्रत्येक डाइव्हची नोंद ठेवणे आणि मोठ्या खंडानंतर उजळणी करणे हिताचे.

मध्येच नको वाटले तर?

कोणताही डायव्हर, कोणत्याही क्षणी, कारण न सांगता डाइव्ह थांबवू शकतो, हा या क्षेत्रातील सर्वमान्य संकेत आहे. अंगठा वर करणे म्हणजे ‘छान’ नव्हे, तर ‘वर चला’. ‘ठीक आहे’ सांगायला अंगठा आणि तर्जनीचे वर्तुळ करतात. मात्र बोटीचे पैसे भरलेले असतात, सोबतचे हसतील असे वाटते, म्हणून अनेक जण अंगठा दाखवायचे टाळतात. सर्दी असताना, कान मोकळे होत नसताना उतरणेही याच संकोचातून घडते.

प्रवेश घेताना एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी असतील, हे विचारावे आणि आरोग्याचा अर्ज खरा भरावा. दमा किंवा हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वर येताना ५ मीटरवर ३ मिनिटे थांबण्याची सवय लावून घ्यावी. अंदमानहून परतणाऱ्यांनी एकाहून अधिक डाइव्ह केल्या असतील, तर विमानप्रवासापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावेत.