मुंबईशीं बरोबरी

थोरला भाऊ नांवारूपास आलेला असला म्हणजे धाकट्याची मोठी पंचाईत होते. त्यानें कितीही चांगलें केलें तरी लोक तुलना करावयाची ती थोरल्याशींच करतात. क्रिकेटच्या खेळांत मुंबईचा शेजार लाभलेल्या महाराष्ट्राची स्थिति नेमकी अशीच आहे. रणजी करंडकाच्या स्पर्धेंत आपल्या एकाच राज्याचे तीन संघ उतरतात. पहिला मुंबईचा, दुसरा नागपूर-वऱ्हाडाचा, म्हणजे विदर्भाचा, आणि तिसरा उरलेल्या मुलखाचा. ह्या तिसऱ्यास नुसतें 'महाराष्ट्र' असें म्हणतात व त्याचें ठाणें पुण्यास आहे. पारोळा, अमळनेर, धुळें, जळगांव हा आपला सारा खानदेश ह्या तिसऱ्या संघाच्या हद्दींत येतो. तेव्हां पारोळ्याचा एखादा मुलगा उद्यां ह्या खेळांत चमकला, तर त्याच्या छातीवर यावयाचें तें नांव महाराष्ट्राचें.

ही स्पर्धा १९३४-३५ सालीं सुरू झाली. २०२४-२५ चा मोसम संपेपर्यंत मुंबईनें ती ४२ वेळां जिंकली, विदर्भानें तीन वेळां, आणि महाराष्ट्रानें अवघी दोन वेळां. हे आंकडे पाहून कोणीही म्हणेल कीं, हें अंतर भरून निघणें शक्य नाहीं. परंतु तें दोनदां भरून निघालें आहे. एकदां पुण्याच्या संघानें तें भरून काढलें, एकदां नागपूरच्या. पुण्याचें यश दोन वर्षांत ओसरलें. नागपूरचें मात्र पुनःपुन्हां दिसून आलें. असें कां व्हावें, ह्याचा विचार केवळ खेळाच्या शौकिनांनींच नव्हे, तर मुलांच्या भवितव्याची काळजी वाहणाऱ्या आईबापांनींही करण्यासारखा आहे.

प्रथम मुंबईचें बळ कशांत आहे तें पाहूं. मुंबईच्या पाण्यांत कांहीं विशेष गुण आहे असें नव्हे. तेथें खेळणाऱ्या मुलास एक पायरी चढतांच दुसरी पायरी तयार असते, हें त्या बळाचें खरें मूळ होय. शाळेंत असतांना हॅरिस ढालीचे सामने. पुढें आझाद मैदानावर नाहीं तर शिवाजी पार्कावर एखाद्या क्लबांत प्रवेश. १९४८ पासून भर पावसाळ्यांत, ओल्या खेळपट्टीवर खेळली जाणारी कांगा लीग. आणि त्यानंतर बँका, गिरण्या, रेल्वे व मोठमोठ्या कचेऱ्या यांच्या संघांची टाइम्स ढाल. ह्या शेवटच्या पायरीवर खेळाबरोबर पोटाचाही प्रश्न सुटत असे, कारण कचेरीचा संघ बळकट व्हावा म्हणून खेळाडूस नोकरी मिळे. अशा व्यवस्थेंतून एक खेळाडू गेला तर त्याच्या जागीं उभे राहण्यास चार जण तिष्ठत असतात. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वर्षें करंडक मुंबईच्या घरीं राहिला, तो ह्याच जोरावर.

ह्या मुंबईस पहिला धक्का दिला तो एका संस्कृतच्या प्राध्यापकानें. प्रा. दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म १८९२ सालीं पुण्यास झाला. सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत ते संस्कृत शिकवीत. १९२६ मध्यें गिलिगनचा एम. सी. सी. संघ हिंदुस्थानांत आला असतां त्यांनीं त्याविरुद्ध मुंबईस १४८ धांवा काढल्या. आपल्या देशास अधिकृत कसोटी सामना मिळाला १९३२ सालीं. तोंवर देवधर चाळिशीस पोंचले होते, आणि तो मान त्यांना कधींच मिळाला नाहीं. परंतु ज्या वयांत बहुतेक खेळाडू जुन्या आठवणी सांगत बसतात, त्या वयांत त्यांनीं महाराष्ट्राच्या संघाचें नेतृत्व करून दाखविलें. रणजी करंडकाचीं पहिलीं दोन वर्षें मुंबईचीं होतीं. १९३९-४० मध्यें महाराष्ट्रानें पुण्यास संयुक्त प्रांताचा दहा गडी राखून पराभव केला व करंडक प्रथमच पुण्यांत आणला. पुढच्याच वर्षीं मद्रासच्या संघास त्याच्याच गांवीं सहा गडी राखून हरविलें आणि करंडक आपल्याकडे ठेविला.

त्या दुसऱ्या वर्षींच पुण्यास मुंबई व महाराष्ट्र यांची जी गांठ पडली, ती ह्या शेजाऱ्यांच्या झुंजींत कायमची लक्षांत राहण्यासारखी आहे. महाराष्ट्रानें ६७५ धांवा केल्या. त्यांपैकीं २४६ एकट्या देवधरांच्या, आणि त्या वेळीं त्यांचें वय ४८ वर्षांचें होतें. मुंबईनें हार न मानतां ६५० पर्यंत मजल मारली. खंडू रांगणेकरांनीं २०२ धांवा काढल्या. सामना पुरा न झाल्यास पहिल्या डावांत ज्याची आघाडी त्याचा विजय, असा ह्या स्पर्धेचा नियम आहे. त्यामुळें केवळ २५ धांवांच्या अधिक्यानें महाराष्ट्र पुढें गेला. साडेसहाशें धांवा करूनही मुंबईस घरीं परतावें लागलें.

हा संघ कसा जमला होता, हें पाहण्यासारखें आहे. त्या काळीं मुंबईंत ज्या पंचरंगी सामन्यांस हजारों लोक लोटत, त्यांत हिंदु, मुसलमान, पारशी, युरोपियन व इतर असे जातवार संघ असत. देवधरांच्या संघांत मात्र अशी वाटणी नव्हती. सांगलीच्या एका ख्रिस्ती शिक्षकाचा मुलगा विजय हजारे हा त्या संघाचा आधारस्तंभ होता. १९३९-४० मध्यें बडोद्याविरुद्ध पुण्यास त्यानें नाबाद ३१६ धांवा काढल्या. रणजी करंडकांतील तें पहिलें त्रिशतक. त्या डावांत नवव्या गड्यासाठीं २४५ धांवांची भागी झाली, आणि हजाऱ्यांस साथ देणारा नगरवाला हा पारशी होता. पुण्याचा ब्राह्मण प्राध्यापक, सांगलीचा ख्रिस्ती तरुण व पारशी गडी हे एका नांवाखालीं खेळले, तेव्हां कोठें मुंबईशीं बरोबरी झाली. पुण्याच्या दोन-चार पेठांच्या बळावर ती झाली नसती.

पण हा जमाव फार दिवस टिकला नाहीं. हजारे १९४१ नंतर बडोद्याकडून खेळूं लागले. तेथें संस्थानचा आश्रय होता. खेळाडूच्या उदरनिर्वाहाची तशी सोय महाराष्ट्राच्या संघापाशीं नव्हती. १९४२-४३ चा करंडक बडोद्यानें जिंकला. पुढच्याच मोसमांत मुंबईस विजय मर्चंटांनीं महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धांवा काढल्या. रूसी मोदींसह सहाव्या गड्यासाठीं त्यांनीं ३७१ धांवांची भर घातली, आणि मुंबईचा डाव ७३५ पर्यंत गेला. मार्च १९४९ मध्यें पुण्यास झालेला उपांत्य सामना सात दिवस चालला. मुंबईनें ६५१ व ८ बाद ७१४, महाराष्ट्रानें ४०७ व ६०४, अशा मिळून २,३७६ धांवा त्यांत निघाल्या व नऊ शतकें झालीं. चौथ्या डावांत सहाशेंवर धांवा करूनही महाराष्ट्र ३५४ धांवांनीं हरला. झुंजण्याची जिद्द होती. मागें उभी असलेली फळी मात्र मुंबईची दाट होती.

ही गोष्ट १९७१ सालीं अधिकच स्पष्ट झाली. त्या वर्षीं रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत मुंबई व महाराष्ट्र समोरासमोर आले, तेव्हां वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर हे मुंबईचे मोहरे वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते. महाराष्ट्रास ह्याहून चांगली संधि कोणती मिळावयाची? तरीही सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईच्या उरलेल्या खेळाडूंनीं ४८ धांवांनीं सामना जिंकला. मुंबईचे तारे आणि महाराष्ट्राचे तारे यांत फारसें अंतर नव्हतें. अंतर होतें तें ताऱ्यांच्या पाठीमागील रांगेंत.

ही रांग विरळ कां होते? आमच्या मतें, लहान ठिकाण आपलीं माणसें हातचीं घालवितें म्हणून. हजाऱ्यांचें उदाहरण वर आलेंच आहे. परंतु त्याच्याही आधींचें एक उदाहरण पुण्यास लाजविणारें आहे. पळवणकर बाळू हा चर्मकार कुटुंबांतील तरुण पुण्याच्या युरोपियन क्लबांत मैदानाची निगा राखी व साहेबांस सरावासाठीं चेंडू टाकी. त्याचा हात पाहून हिंदु क्लबानें त्यास संघांत घेतलें खरें. पण खेळाच्या मध्यंतरांत त्याला चहा मिळे तो मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यांत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाळू मुंबईस गेला, तेथें रेल्वेंत नोकरीस लागला, आणि १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यानें ११४ बळी घेतले. त्याचा भाऊ विठ्ठल १९२३ मध्यें हिंदु संघाचा नायक झाला. पुण्यास घडलेला हात अशा रीतीनें मुंबईचा झाला. शिवाशिवीच्या पायीं आपल्या समाजानें काय गमावलें ह्याचा हिशेब मांडावयाचा झाल्यास क्रिकेटच्या खात्यांतही ही एक मोठी रक्कम लिहावी लागेल.

आतां विदर्भाकडे वळूं. मध्यप्रांत व वऱ्हाड ह्या नांवानें तो मुलूख अगदीं आरंभापासून ह्या स्पर्धेंत होता, व विदर्भ म्हणून १९५७-५८ पासून. साठ वर्षें त्याची गणना दुबळ्या संघांत होई. मग तेथील संघटनेनें दोन गोष्टी केल्या. मुलांना लहानपणींच हेरून वर्षभर शिकविणारी अकादमी चालविली. आणि बाहेरच्या जाणत्यांस मानानें बोलाविलें. वासिम जाफर हा मुंबईचा कसलेला फलंदाज विदर्भाकडून खेळूं लागला. चंद्रकांत पंडित हे मुंबईचेच माजी खेळाडू प्रशिक्षक झाले. २०१७-१८ मध्यें दिल्लीस हरवून विदर्भानें पहिला करंडक जिंकला व पुढच्या वर्षीं तो राखला. २०२३-२४ च्या अंतिम सामन्यांत मुंबईनें त्यास १६९ धांवांनीं हरविलें. विदर्भ खचला नाहीं. पुढच्याच वर्षीं उपांत्य सामन्यांत मुंबईचा ८० धांवांनीं पराभव करून त्यानें तिसऱ्यांदा करंडक मिळविला. त्या मोसमांत हर्ष दुबे यानें ६९ बळी घेतले, आणि एका मोसमांत इतके बळी ह्या स्पर्धेंत तोंवर कोणीं घेतले नव्हते. ह्या वेळीं जाफर नव्हते व पंडितही नव्हते. शिकविणारे निघून गेल्यावरही विद्या मागें राहिली, हीच विदर्भाच्या यशाची खरी कसोटी.

त्याच मुलखांतील उमेश यादव हा कोळशाच्या खाणींतील कामगाराचा मुलगा. विदर्भाकडून खेळून कसोटी सामन्यांत उतरलेला तो पहिला खेळाडू. ज्या वयांत मुंबईचा मुलगा हॅरिस ढाल खेळून मोकळा झालेला असतो, त्या वयापर्यंत त्यानें चामड्याचा चेंडू हातीं धरला नव्हता. त्याला पायरी मिळाली ती उशिरां. पण मिळाली ती आपल्याच मुलखांत.

महाराष्ट्राच्या संघांतही गुणांचा तुटवडा नाहीं. जानेवारी २०१४ मध्यें वानखेडे मैदानावर त्यानें करंडकविजेत्या मुंबईस आठ गडी राखून हरविलें. विजयासाठीं २५२ धांवा हव्या असतां केदार जाधव यानें नाबाद शतक ठोकलें व विजय झोल त्याच्या साथीस अखेरपर्यंत उभा राहिला. त्या वर्षीं अंतिम सामन्यापर्यंत मजल गेली, पण कर्नाटकानें करंडक नेला. मुलींच्या खेळांत तर हजाऱ्यांच्या सांगलींत वाढलेली स्मृति मानधना महाराष्ट्राकडून खेळत पुढें आली, आणि २०२५ सालीं विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाची ती उपकर्णधार होती. मुलीच्या हातीं बॅट दिसतांच कपाळाला आंठ्या घालणाऱ्या वडीलधाऱ्यांस ह्याहून बोलकें उत्तर नको.

आतां प्रश्न उरतो तो आपल्या खानदेशाचा. सुरतेहून नागपुरास जाणारा महामार्ग धुळें सोडून पारोळ्यावरून जळगांवाकडे जातो व मलकापुरास विदर्भांत शिरतो. म्हणजे ज्या प्रांतानें अंतर भरून काढलें, तो आपल्या दाराशींच लागून आहे. असें असूनही चांगला खेळणारा मुलगा दिसला कीं, 'याला पुण्यास ठेवा, नाहीं तर मुंबईस पाठवा,' हाच सल्ला आपल्याकडे दिला जातो. ज्या घरास तें परवडतें तें घर मुलास धाडतें; ज्यास परवडत नाहीं त्या घरचा मुलगा दहावीनंतर खेळ सोडतो. दोन्ही प्रकारें खानदेशाच्या हातीं कांहीं उरत नाहीं.

शिक्षणांत आपण हा प्रश्न सोडविला आहे. १९४५ सालीं अमळनेरास प्रताप महाविद्यालय व जळगांवास मूळजी जेठा महाविद्यालय निघालें. १९९० मध्यें जळगांवास स्वतंत्र विद्यापीठ झालें. आतां पदवीसाठीं कोणास पुणें गांठण्याची सक्ति नाहीं. विद्येची जी शिडी आपण दारांत आणली, तशी खेळाची कां आणूं नये? त्यास राजवाडे नकोत. काळ्या कपाशीच्या जमिनींत मुरूम व माती घालून नीट दाबलेली एक खेळपट्टी. वर्षभर टिकणारा एक जाणता शिक्षक. तालुक्यातालुक्यांतील शाळांचे न चुकतां होणारे सामने. आणि कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी, हें न विचारतां सर्वांस सारखा प्रवेश, एवढ्यावर आरंभ होऊं शकतो. देवधरांनीं वर्ग व मैदान हीं दोन्ही एकाच आयुष्यांत सांभाळलीं व शंभरीही ओलांडली. तेव्हां खेळामुळें अभ्यास बुडतो, ही सबबही फार जोराची नाहीं.

मुंबईची उंची कमी व्हावी असें इच्छिणें हा करंटेपणा होईल. तिच्याकडून शिकण्यासारखें अजून पुष्कळ आहे. पण दोन शेजाऱ्यांमधील अंतर करंडकांच्या संख्येंत मोजण्यापूर्वीं, दर वर्षीं आपल्या गांवांतून किती गुणी मुलें निघून गेलीं व किती घरीं बसलीं, हें मोजावें. तो आंकडा जसजसा खालीं येईल, तसतसें दुसरें अंतर आपोआप कमी होऊं लागेल.