मोबाइलचा बंदोबस्त

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून एक गाव आहे. 2022 सालापासून तेथे रोज सायंकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद होतात, मुले दप्तरे उघडतात, आणि दीड तासाने पुन्हा भोंगा झाला म्हणजे ज्याचा तो मोकळा होतो. टाळेबंदीत शाळा मोबाइलमध्ये शिरली आणि पुढे ती बाहेर पडली तरी मोबाइल मुलांच्या हातीच राहिला, त्यावर गावाने काढलेली ही तजवीज. परंतु तीत ध्यानी घेण्याजोगी गोष्ट भोंग्याची नसून, हा मज्जाव थोरांनाही तितकाच लागू आहे, ही होय. पानावर बसूनही अंगठा सरकवीत राहणाऱ्या पित्याने मुलाला संयमाचे फर्मान सोडावे, यावर ते मूल मनातल्या मनात काय म्हणत असेल, ते येथे न लिहिलेलेच बरे.

मोबाइलला लावायची कुलपेही पुष्कळ आहेत. गूगलच्या फॅमिली लिंकने मुलाच्या मोबाइलची वेळ ठरविता येते आणि नवे अ‍ॅप घेण्यास पालकांची मंजुरी लागते. इन्स्टाग्रामवर 13 वर्षांखालील मुलास खाते उघडण्याची मुभा नाही, आणि त्यावरच्या किशोरवयीनांची खाती खासगी ठेवून अनोळखी माणसांच्या निरोपांना आळा घालण्याची सोयही आहे. मात्र ही व्यवस्था मुख्यतः नोंदविलेल्या जन्मसालावर बेतलेली असल्यामुळे, ते साल मागे ढकलले की मूल प्रौढांच्या बाजारात एकटेच उभे राहते. ही ढकलाढकल बहुधा घरातल्याच कोणा हौशी काकाने करून दिलेली असते!

खरे संकट येते ते ओळखीच्या पावलांनी. ऑनलाइन खेळात कोणी समवयस्क भेटतो, जिंकल्यावर वाहवा करतो, काही आठवड्यांनी गप्पा दुसऱ्या अ‍ॅपवर नेतो, आईवडिलांविषयीच्या तक्रारी सहानुभूतीने ऐकून घेतो, मग एखादे छायाचित्र मागतो. आणि ते हाती पडताच त्याचा सूर पालटून धमक्या सुरू होतात. या साऱ्या कारस्थानाची भिस्त मुलाच्या मौनावर असते, आणि ते मौन पुष्कळदा आपणच तयार केलेले असते, कारण काहीही घडले तरी मोबाइल जप्त होणार, हा घरचा न्याय मुलाला पाठ असतो. म्हणून, “काहीही झालं तरी मला येऊन सांग, मी मोबाइल काढून घेणार नाही,” असे अभय संकटाच्या आधीच द्यावे, आणि मुलाच्या शेजारी बसून त्याचा खेळ एकदा त्याच्याकडूनच शिकून घ्यावा. कुलपांपेक्षा मी याला अधिक मोल देतो.

मुलाने सांगितलेच, तर प्रथम रागावू नये. पैसे देऊ नयेत. संभाषण न पुसता त्याचे स्क्रीनशॉट, खात्याचे नाव व तारखा जपून ठेवाव्यात. आणि सायबर गुन्ह्यांसाठी असलेल्या 1930 या क्रमांकावर, किंवा बालकांच्या साहाय्यासाठी अहोरात्र चालणाऱ्या 1098 वर, विनासंकोच फिर्याद सांगावी. बालकाचे अश्लील चित्र प्रसृत करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67ब खाली गुन्हा आहे, तेव्हा धमकी देणाऱ्याने पाठविलेले तसे चित्र पुरावा म्हणून भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवू नये. मोबाइल घेऊन सरळ पोलीस ठाणे गाठावे.