चकाकी जाते, धोका राहतो

पावसाळ्यात धबधब्यांचे फोटो काढायला निघालेल्या हौशी छायाचित्रकारांच्या बॅगेत हल्ली चौकोनी फिल्टरचा होल्डर दिसतो. लेन्सवर एक कडी बसवायची, तिच्यावर होल्डर अडकवायचा आणि त्याच्या खाचांत काचा सरकवायच्या, अशी ही सोय. पोलरायझर मात्र बहुधा गोल असतो. बऱ्याच होल्डरमध्ये तो या काचांच्या मागे, लेन्सच्या अगदी जवळ बसतो. कडेचे दातेरी चाक बोटाने फिरवले की तो जागच्या जागी फिरतो आणि क्षितिजाशी जुळवलेली पुढची काच हलत नाही.

तो फिरवायचा कशासाठी? सूर्यप्रकाशाच्या लहरी सर्व दिशांनी कंप पावतात. पाणी, ओले खडक, पाने यांवरून तिरका परावर्तित होणारा प्रकाश बराचसा एकाच दिशेत कंप पावतो. याला ध्रुवीकरण म्हणतात. पोलरायझर योग्य कोनात आला की ही चकाकी अडते, पाण्याच्या तळाचे गोटे दिसतात, हिरवा रंग खुलतो.

धोका सुरू होतो तो कॅमेरा सूर्याकडे वळवल्यावर. विशेषतः ग्रहणाच्या वेळी 'काच गडद आहे, मग डोळा सुरक्षित आहे' असा समज होतो. हिशोब वेगळेच सांगतो. पोलरायझर साधारण एक चतुर्थांश प्रकाश आत सोडतो. त्यापुढे दहा स्टॉपची काळी काच लावली तर सुमारे चार हजारांत एक भाग आत येतो. सूर्य पाहण्याच्या फिल्टरमधून मात्र साधारणपणे लाखात एक किंवा त्याहूनही कमी भाग येतो. म्हणजे त्या मानाने ही जोडी सुमारे पंचवीस पट अपुरी. शिवाय अशा काचांतून अवरक्त किरण बऱ्याच प्रमाणात आत येऊ शकतात. अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि हे न दिसणारे किरण दृष्टिपटलावर अधिक पडतात. काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून पाहिल्यास लेन्स ऊन एकवटते, ते वेगळेच.

दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. त्यामुळे इजा होताना काहीच जाणवत नाही. काही तासांनी नजरेच्या मधोमध डाग दिसतो, सरळ रेषा वाकड्या भासतात, वाचताना अक्षरे गळतात. अनेकांची नजर काही महिन्यांत सुधारते, काहींचा डाग कायम राहतो. खात्रीचा उपचार नाही.

म्हणून सूर्याचा फोटो काढायचाच असेल, तर खास सौर फिल्टर लेन्सच्या पुढे लावावा. ग्रहणाचा चष्मा घालूनही कॅमेऱ्यातून किंवा दुर्बिणीतून पाहू नये. पोलराइज्ड गॉगलनेही सूर्याकडे पाहू नये. रोजच्या उन्हासाठी तो घेताना अतिनील किरणांपासून संरक्षणाचा 'यूव्ही ४००' हा उल्लेख वेगळा तपासावा. चकाकी कमी झाली म्हणजे अतिनील किरण अडले, असे नव्हे. सूर्याकडे पाहिल्यानंतर नजरेत डाग दिसला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.