तांबेऱ्याचं वेषांतर

मुलांनो, घरी शेती असेल तर ‘तांबेरा’ तुम्हाला ठाऊक असेलच. लोखंडाला गंज चढावा तसे गव्हाच्या खोडापानांवर विटकरी फोड येतात. बोट फिरवलं, की तांबडी पूड लागते. ही पूड म्हणजे एका बुरशीचे बीजाणू. वाऱ्यावर बसून ते शेकडो किलोमीटर जातात! खोडावर येणाऱ्या तांबेऱ्याचं शास्त्रीय नाव ‘पक्सिनिया ग्रामिनिस’.

मग सगळाच गहू आजारी का पडत नाही? कारण काही वाणांकडे पहारेकरी असतात. पहारेकरी म्हणजे रोग ओळखणारी जनुकं. चोर घुसला, की गहू तेवढ्याच भागातल्या आपल्या पेशी मारून टाकतो. ही बुरशी जगते फक्त जिवंत पेशींवर. झाली ना तिची उपासमार!

पण बुरशीही काही कमी नाही. कोट्यवधी बीजाणूंमध्ये एखाद्याच्या जनुकात बदल होतो आणि पहारेकरी त्याला ओळखतच नाही. तोच तगतो, त्याचीच प्रजा वाढते. हीच उत्क्रांती.

राय नावाच्या धान्यातून गव्हात आणलेलं ‘एसआर ३१’ हे जनुक अनेक देशांत वर्षानुवर्षं पहारा देत होतं. १९९८ मध्ये आफ्रिकेतल्या युगांडात तांबेऱ्याने त्यालाही चकवलं! या नव्या तांबेऱ्याला नाव मिळालं ‘यूजी ९९’. २००७ मध्ये तो इराणात सापडला. या बुरशीच्या पेशीत दोन केंद्रकं असतात. दोन वेगळ्या तांबेऱ्यांची गाठ पडून केंद्रकाची अदलाबदल झाली आणि त्यातून यूजी ९९ जन्मला, असं २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं.

आता गंमत ऐका. यूजी ९९ ला अडवणारं एक जनुक मिळालं कुठे? आपल्या खिरीच्या खपली गव्हात! त्याचं नाव ‘एसआर १३’. मात्र इथियोपियातल्या काही तांबेऱ्यांनी त्यालाही हुलकावणी दिली आहे. म्हणून शास्त्रज्ञ आता एकाच वाणात अनेक पहारेकरी बसवतात. सगळ्यांना एकदम फसवणं चोराला जड जातं.

पण नवे पहारेकरी आणायचे कुठून? जुन्या वाणांतून आणि गव्हाच्या रानटी भाऊबंदांतून. खपलीचं टरफल दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं. ते काढायला कष्ट पडतात, म्हणून तिचा पेरा कमी झाला. ती पार नाहीशी झाली असती तर?

आज आजीआजोबांना विचारा, ‘तुमच्या लहानपणी कोणकोणते गहू पेरायचे?’ ती नावं वहीत लिहून ठेवा. कुणी सांगावं, त्यातल्याच एखाद्यात उद्याचा पहारेकरी दडला असेल!